आवाज साफ करताना

माझ्या गिटारच्या पायाशी एक हिरवं पेडल असतं. मुठीएवढी पत्र्याची डबी, वर तीन नॉब, खाली पायाने दाबायचं बटण. याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. बटण दाबलं की गिटारचा गुळगुळीत आवाज खरखरीत होतो, कुणीतरी घसा ताणून गायला लागल्यासारखा. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे जपानी कंपनी आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर. तो १९७९च्या सुमारास बाजारात आला आणि तेव्हापासून जगभर त्याच्या नकला निघताहेत. माझं पेडल त्यातलीच एक नक्कल, तीही सेकंडहँड.

यवतमाळच्या माझ्या खोलीत हे पेडल चालू केलं की गिटारच्या आधी दुसरेच दोन आवाज यायचे. खाली एक जाड घरघर, पिठाची गिरणी लांब कुठेतरी चालू असावी तशी. आणि वर एक बारीक सूंऽऽ, कुकरची शिट्टी होण्याआधी येतो तसला. मागच्या उन्हाळ्यात एका रात्री मी पेडलचे चार स्क्रू काढले आणि हे दोन्ही आवाज घालवायचे असं ठरवून सोल्डरिंगला बसलो.

काम आठवडाभराचं होतं. पण त्या कामाने मला एका प्रश्नापाशी नेऊन उभं केलं, आणि तो प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सचा नव्हता. नको असलेला आवाज म्हणजे नॉइज, ही व्याख्या सगळीकडे सापडते. पण ‘नको’ हे ठरवणारा कोण? आणि आपण एखादा आवाज काढून टाकतो तेव्हा त्याच्यासोबत आणखी काय काय जातं?

आधी घरघर. ती कुठून येते हे शोधणं सोपं असतं. अडॅप्टर काढून पेडलला नऊ व्होल्टची बॅटरी लावली आणि घरघर अर्ध्याहून कमी झाली. म्हणजे अर्धा गुन्हेगार अडॅप्टर. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, जुन्या जड अडॅप्टरमधून डीसी होताना त्याचे १०० हेलकावे होतात, आणि आतला कपॅसिटर थकलेला असला की ते पुसले न जाता गाण्यात उतरतात. वीज पेडलमध्ये शिरते तिथे मी १०० ओहमचा रेझिस्टर आणि २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. एवढ्या दोन वस्तूंनी ती १०० हर्ट्झची घरघर साधारण चौदाव्या हिश्श्यावर आणता येते. दोन्ही मिळून चहाच्या एका कपाएवढा खर्च.

उरलेल्या घरघरीचं मूळ भिंतीत होतं. घर जुनं, अर्थिंग त्याहून जुनं. अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेली एक पट्टी किंवा सळई, आणि तिच्याभोवती ओल असेल तरच ती नीट काम करते. मे महिन्यात आमच्याकडची काळी माती हात जाईल एवढी भेगाळते. तेव्हा त्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं. ज्या शहराने २०१८चा उन्हाळा पाहिला आहे, निळोणा आणि चापडोहची धरणं आटलेली पाहिली आहेत, तिथे बादलीभर पाणी जमिनीत ओतताना हात थांबतोच. मी आंघोळीचं पाणी ओतलं. घरघर गेली.

याला एक सोपा उपाय होता, आणि तो अनेक जण करतात. अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकायची. पुष्कळदा घरघर एका क्षणात थांबते. पण ती पिन शॉकपासून वाचवण्यासाठी असते. १९७२ साली वेल्समधल्या स्वॉन्झी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी भर कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून गेला. शांतता मिळवायचे काही मार्ग असे असतात: आवाज थांबतो, धोका तसाच राहतो, फक्त आता तो ऐकू येत नाही.

तेव्हा घरघरीबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. ती कुणाचं म्हणणं नव्हती. नादुरुस्त वस्तू आपली नादुरुस्ती सांगत होती. ती ऐकून दुरुस्ती केली की विषय संपतो.

खरा घोळ झाला तो वरच्या सूंऽऽचा.

हा आवाज बाहेरून येत नाही. बॅटरी लावा, गिटारचा आवाज शून्यावर न्या, तरी तो असतोच. १९२८ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन जॉन्सन यांनी तो मोजून दाखवला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. कुठलाही रेझिस्टर, त्यातून वीज वाहत नसली तरी, स्वतःच्या उबेमुळे किंचित आवाज करतो. त्याच्यातले इलेक्ट्रॉन थरथरत असतात. हा आवाज पूर्ण घालवायचा तर ती वस्तू उणे २७३ अंशांवर न्यावी लागेल. मी गंमत म्हणून हिशोब केला: जानेवारीतल्या १५ अंशांच्या रात्रीपेक्षा मेमधल्या ४५ अंशांच्या दुपारी हा आवाज किती वाढतो? जेमतेम पाच टक्के. म्हणजे आमच्या उन्हाळ्याला याचा दोष देता येत नाही. उबदार असलेली प्रत्येक वस्तू थोडा आवाज करणार, एवढाच त्याचा अर्थ.

तरी मी प्रयत्न केले. मूळ पेडलमध्ये ४५५८ नावाची चिप असते. तिच्या डेटाशीटवर नॉइजचा आकडा आठ, आणि मी आणलेल्या ५५३२ चिपच्या डेटाशीटवर पाच. आठावरून पाचावर म्हणजे मोठीच कमाई वाटते. पण चिपच्या शेजारी ४७०० ओहमचा एक रेझिस्टर बसलेला असतो आणि त्याचा स्वतःचा आवाज त्याच मापात जवळपास नऊ येतो. शेजारी नऊवाला असताना आठाचा पाच करून कानाला कितीसा फरक पडणार? मग कार्बनचे रेझिस्टर काढून मेटल फिल्मचे लावले. थोडा फरक पडला. सूंऽऽ होताच.

कारण पेडलचं कामच मुळी वाढवणं आहे. ड्राइव्हचा नॉब पूर्ण फिरवला की मुख्य टप्प्यात आवाज साधारण ११८ पट होतो. मग दोन डायोड त्याची डोकी छाटतात आणि त्या छाटण्यातून ती खरखर येते. ११८ पटीने गिटार वाढते तशी गिटारसोबत आलेली प्रत्येक बारीकसारीक गोष्टही वाढते. दबलेला आवाज मोठा करून ऐकायचा तर त्याच्या आसपासचंही मोठं होऊन ऐकू येणार. एक ठेवून दुसरं वाढवणारा नॉब अजून कुणी बनवलेला नाही.

हे मला तेव्हा पटलं नाही. डायोडांच्या शेजारी ५१ पिकोफॅरडचा एक चिमुकला कपॅसिटर असतो. ड्राइव्ह पूर्ण असताना तो साधारण ५,६०० हर्ट्झच्या वरचा आवाज दाबायला लागतो. मी तो काढून १०० पिकोफॅरडचा लावला. आता दाबणं २,९०० हर्ट्झपासूनच सुरू झालं. आणि सूंऽऽ खरोखर गेला. रात्री अडीच वाजता मी पेडल चालू केलं, खोलीत शांतता होती, आणि मला फार मोठं काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मित्राला बोलावलं. तो आमच्या दोघांच्या बँडचा गायक. शेतकरी घरातला, गावाहून रोज मोटारसायकलने शहरात कामाला येणारा. मी वाजवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, “साफ झाला बे आवाज. पन जीव गेला त्याच्यातला.”

मी वाद घातला. पण त्याचं बरोबर होतं. तारेवर पिक पडतो तो पहिला चटका, बोट सरकताना तारेवर होणारी किरकिर, खरखरीची धार, हे सगळं जिथे राहतं तिथेच तो सूंऽऽ राहत होता. दोघांचं घर एकच. मी घर पाडलं होतं.

‘जीव गेला’ हे त्याने सहज म्हटलं, पण आपल्या संगीतात यासाठी नेमका शब्द आहे: जवारी. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी हलका बाक दिलेला असतो. तार त्या बाकाला घासत कंप पावते. तिच्याखाली एक सुताचा धागा सरकवून ती कुठे, किती घासेल हे जुळवतात. त्या घासण्यामुळे तारेतून एका स्वराऐवजी स्वरांचा झरा बाहेर पडतो, तंबोरा बोलायला लागतो. मिरजेचे कारागीर पिढ्यानपिढ्या हे काम करत आलेत. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी उतरली की वाद्य मुकं होतं आणि मग कारागीर घोडी पुन्हा घासून देतो. ज्याने कधी तंबोरा ऐकलेला नाही अशा माणसाला ती तार कुठेतरी लागते आहे, वाद्यात बिघाड आहे, असंच वाटेल.

गिटारची खरखरही बिघाडातूनच आली. मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं नॅशव्हिलमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनने वाजवलेला बासचा तुकडा घोगरा, फाटका उमटला. तो तसाच ठेवला गेला. गाणं गाजलं. मग तोच बिघाड मुद्दाम करता यावा म्हणून ध्वनिअभियंता ग्लेन स्नॉडी यांनी सर्किट तयार केलं आणि १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ हे पेडल विक्रीला आलं. त्या दिवशी स्टुडिओत माझ्यासारखा कुणी बसला असता तर त्याने चॅनल बदलून तुकडा पुन्हा वाजवायला लावला असता.

माझ्यासारखा, असं म्हणतोय कारण मी ते केलेलं आहे. पेडलवर नाही, माणसावर.

पेडल उघडायच्या वर्षभर आधी आम्ही एक गाणं रेकॉर्ड केलं होतं. शब्द मित्राचेच. त्याच्या आजीबद्दल आणि त्यांच्या कोरडवाहू वावराबद्दल. त्यात ‘काळी माती’ होती, ‘आभाळ’ होतं, ‘डोळे’ होते. म्हणजे कागदावर असं होतं. तो गाताना मात्र ‘कायी माती’ म्हणायचा. आभाय. डोये. आमच्याकडे बोलताना ‘ळ’चा ‘य’ होतो. त्याच्या घरी होतो, माझ्या आजोळी होतो, बसस्टँडवर होतो. वऱ्हाडी अशीच आहे.

मी पहिल्याच टेकला थांबवलं. “ळ म्हण ना बे. लोकं हसतील.” त्याने पुन्हा गायलं. तिसऱ्या ओळीत ‘आभाय’ आलं. पुन्हा थांबवलं. असं सतरा वेळा. सतराव्या टेकला सगळे ‘ळ’ जागच्या जागी होते. वर मी नॉइज काढायचं सॉफ्टवेअर चालवलं, ओळींच्या मधले त्याचे श्वास कापले. गाणं काचेसारखं स्वच्छ झालं. आणि ते ऐकताना वाटायचं की बँकेतली सूचना कुणीतरी सुरात वाचतंय. मी ते टाकलं, थोड्या लोकांनी ऐकलं, विसरले. मित्र मात्र तेव्हापासून गायचं टाळू लागला. कधी घसा बसलेला, कधी ड्युटी. मी ते कारण खरं मानत राहिलो, कारण तसं मानणं सोयीचं होतं.

पेडलमधला जीव गेला असं तो म्हणाला तेव्हा तो फक्त पेडलबद्दल बोलत नव्हता. हे त्याला कळत होतं की नाही ते माहीत नाही. मला कळलं.

इथे कुणी म्हणेल, प्रमाणभाषाही लागतेच की. खरं आहे. मी हा लेख प्रमाण मराठीतच लिहितोय, म्हणजे तो कोल्हापुरातही वाचता यावा. समजण्यासाठी काही गोष्टी गाळाव्या लागतात. जुने लँडलाइन फोन ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पुढे पाठवायचे. ‘स’ आणि ‘फ’ एकसारखे ऐकू यायचे, तरी आईचं बोलणं पोचायचं. गाळणं हा गुन्हा नाही. पण फोनने कधी असं म्हटलं नाही की ३,४०० हर्ट्झच्या वरचा आईचा आवाज अशुद्ध आहे. मी तेच म्हटलं होतं. मी ‘पोचणार नाही’ असं म्हणालो नव्हतो, ‘हसतील’ असं म्हणालो होतो.

आणि ते तरी खरं होतं का? यवतमाळच्याच शंकर बडे यांनी वऱ्हाडीतून कविता लिहिल्या, ‘बॅरिस्टर गुलब्या’ हा एकपात्री प्रयोग केला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. लोक हसले, रडलेही. त्यांच्या बोलीमुळे काही पोचायचं राहिलं नाही.

आवाज साफ करायचं आणखी एक यंत्र असतं, नॉइज गेट. नावाप्रमाणे तो दरवाजा आहे. आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की दरवाजा बंद, वर गेला की उघडा. मी काही दिवस तोही लावून पाहिला. त्याचं वागणं बारकाईने पाहिलं तर फसवणूक लक्षात येते. गिटार जोरात वाजत असते तेव्हा दरवाजा उघडा असतो आणि नॉइज पूर्णपणे आत येत असतो, फक्त मोठ्या आवाजाखाली झाकलेला. दरवाजा बंद होतो तो हळू वाजवताना. विरत जाणारा शेवटचा स्वर मधेच तुटतो. गेट नॉइज काढतच नाही. जो हळू बोलतो त्याला तो गप्प करतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आता सगळं शांत, स्वच्छ झालं.

लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन गाणं शिकणाऱ्यांनी हे अनुभवलं असेल. गुरू तंबोरा लावायचे आणि समोरच्याला तो गुदमरलेला, तुटक ऐकू यायचा. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा कूलर, असं सॉफ्टवेअरला शिकवलेलं. त्याने तंबोऱ्याला कूलर समजून गाळलं. झूमसारख्या अ‍ॅपमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ हा पर्याय शोधून चालू करावा लागायचा. काय गाळायचं हे आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. त्याच्या ऑफिसात पंखे असतात, तंबोरे नसतात.

आमच्या शहराने असा एक दरवाजा बंद होताना जवळून पाहिला आहे. जानेवारी २०१९ मध्ये ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात झालं. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. इंग्रजीत लिहिणारी लेखिका मराठी संमेलनाला कशाला, असा आक्षेप आला, संमेलन उधळण्याची भाषा झाली आणि काही दिवस आधी निमंत्रण मागे घेतलं गेलं. अनेक लेखकांनी निषेध म्हणून येणं रद्द केलं. गोंधळ होऊ नये, हे कारण समोर होतं. आयोजकांची अडचण मी समजू शकतो. मांडव उभा असताना धमकी येते तेव्हा घाम फुटतोच. पण नॉइज कुठला होता आणि कापलं काय, हे पाहा. उधळून लावू म्हणणारा आवाज गेटच्या पातळीच्या वर होता, म्हणून त्याच्यासाठी दरवाजा उघडा राहिला. कापली गेली ती पाहुणी, जी शांतपणे भाषण वाचणार होती. ते भाषण नंतर छापून आलं, मोबाइलवर फिरलं, मांडवात बसून ऐकलं असतं त्याहून जास्त लोकांनी वाचलं. तरी ‘झालं ते बरंच झालं’ असं म्हणता येत नाही. निमंत्रण मागे घेतल्याची नोंद राहतेच.

म्हणजे सगळाच आवाज चांगला, काहीच काढू नये, असं मला म्हणायचं आहे का? नाही. ज्याने घरघर ऐकली आहे तो असं म्हणणार नाही. पाऊस पडून गेला की वावरात तरोटा उगवतो. बाप निंदण करताना तो उपटून धुऱ्यावर फेकतो, आणि माय त्याच धुऱ्यावरून कोवळा पाला खुडून संध्याकाळी भाजी करते. तरोटा एकच. दोघंही बरोबर आहेत. कपाशीच्या ओळीत तो नकोच, नाहीतर कपाशी मरेल. पण दोघं ओणवं होऊन, हाताने, पाहून काम करतात. तणनाशकाची फवारणी तसं पाहत नाही. माझा आक्षेप निंदण्याला नाही. न पाहता फवारण्याला आहे.

पाहायचं म्हणजे काय, हे पेडलनेच शिकवलं. पहिली गोष्ट: आवाज कुठे शिरतो ते शोधायचं. रेडिओ अभियंते हॅरल्ड फ्रीस यांनी १९४४ साली मांडलेला एक हिशोब आहे. एकामागून एक टप्पे असतील तर पहिल्या टप्प्यातला नॉइज सगळ्यात महागात पडतो, कारण पुढचा प्रत्येक टप्पा त्याला वाढवत नेतो. शेवटच्या टप्प्यावर कितीही गेट बसवा, सुरुवातीला शिरलेलं निघत नाही.

मग माझ्या त्या सतरा टेकांमधला नॉइज कुठे शिरला होता? मला एक वर्ग आठवतो. तिसरी किंवा चौथी. मी उभा राहून धडा वाचताना ‘डोया’ म्हणालो आणि वर्ग हसला. वर्गातली अर्धी पोरं घरी जाऊन डोयाच म्हणणार होती, तरी हसली. फळ्याजवळून पट्टी टेबलावर आपटली गेली. मी तो शब्द पुन्हा कधी तसा वाचला नाही. आजीशी बोलतानाही हळूहळू ‘डोळा’ यायला लागला आणि ती मला ‘सायेब’ म्हणून चिडवायची. तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

म्हणजे मित्राच्या गाण्यात नॉइज नव्हताच. तो माझ्या कानात होता, पहिल्या टप्प्यावर, वीस वर्षांपूर्वी शिरलेला. मी मात्र त्याचा गळा उघडून सोल्डरिंग करत बसलो होतो.

दुसरी गोष्ट मला पुरती उमगायला वेळ लागला. उगम सापडला तरी तो कुणाचा आहे हे विचारायला हवं. घरघर अडॅप्टरची होती, अडॅप्टर माझा होता. मी तो सुधारला, कुणाचं काही गेलं नाही. श्वास मित्राचा होता, ‘य’ त्याच्या आजीचा होता. ते माझ्या मालकीचे नव्हते. आपल्या बाजूचा आवाज आपण हवा तेवढा घासून काढावा. दुसऱ्याचा आवाज त्रास देत असेल तर आधी आपलं अर्थिंग तपासावं. हे लिहायला सोपं आहे. पाळताना मी रोज चुकतो. ट्रेनमध्ये कुणी मोठ्याने बोललं, कुणी ‘न’ आणि ‘ण’ची गल्लत केली, की माझा दरवाजा आपोआप बंद होतो.

पेडलचं म्हणाल तर मी १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर काढून ५१चा परत लावला. मेटल फिल्म रेझिस्टर ठेवले, वीजेचा फिल्टर ठेवला. आणि एक बदल केला जो आधी सुचला नव्हता: ४७०० ओहमच्या शेजारचा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून ०.१चा लावला. मूळ सर्किट साधारण ७२० हर्ट्झच्या खालचे सूर कमी वाढवतं, म्हणून या पेडलचा आवाज थोडा नाकातला येतो. आता ती सीमा ३४० वर आली आणि खालच्या जाड तारांनाही खरखरीत वाटा मिळाला. टोन सुधारला तो काही कापून नाही. जे आत येत नव्हतं ते आत घेतलं म्हणून. सूंऽऽ आहे. ड्राइव्ह थोडा कमी ठेवला की तोही कमी होतो.

मग मित्राला फोन केला. त्या गाण्याबद्दल माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता. म्हणाला, “जाऊ दे ना बे, लय जुनं झालं थे.” आणि तीन आठवडे आला नाही. मी पुन्हा विचारलं नाही. माफी मागितली म्हणून समोरच्याने लगेच गायलाच पाहिजे असं थोडंच आहे.

परवा आला. स्वतःहून माइकसमोर बसला. मी गिटार लावली, पेडल दाबलं, सूंऽऽ सुरू झाला. त्याने तेच गाणं धरलं आणि पहिल्याच ओळीत ‘कायी माती’ म्हणाला. मी काही बोललो नाही, पण माझ्या भुवया हलल्या असाव्यात. गाणं संपल्यावर त्याने हेडफोन काढला.

“अजून खुपते काय बे?”

“खुपते थोडं,” मी म्हणालो.

“मंग खुपू दे. मलेबी तुह्या पेडलचं सूंसूं खुपतेच.”

तो टेक आम्ही ठेवला आहे. दोन ओळींच्या मधे सूंऽऽ ऐकू येतो, त्याचा श्वासही ऐकू येतो.